मावशीच्या घरातले दोन टीव्ही: साडेचारशेचं बिल सातशे नव्वद झालं तेव्हा

मार्च २०१९च्या पहिल्या आठवड्यात डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. "अगं, केबलवाला सातशे नव्वद मागतोय. गेल्या महिन्यापर्यंत साडेचारशे देत होते. तू ते ग्राहकांचं काम करतेस ना, जरा येऊन बघ."

ग्राहक मार्गदर्शनाचं काम मी फावल्या वेळात करते. त्या काळात केबलच्या तक्रारी रोजच येत होत्या, पण हे प्रकरण घरातलं असल्याने त्याचा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेला आणि पुढची पाच-सहा वर्षं मला ते जवळून बघता आलं. म्हणून तेच सविस्तर लिहिते आहे. केबल कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. इतर कंपन्यांच्या ग्राहकांचे जे कागद मी त्या वर्षी पाहिले, त्यांतही जवळजवळ हेच होतं.

मावशी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. काकांना २०१७ साली अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांचा पलंग आतल्या खोलीत आणि पलंगासमोर भिंतीवर एक लहान टीव्ही. बाहेरच्या खोलीतला टीव्ही मावशीचा. त्या घरात दुसरा टीव्ही चैनीसाठी आलेला नव्हता. काकांना बाहेर आणून बसवायला दोन माणसं लागत, तेवढी घरात नव्हती.

केबलवाला मावशीचा चौथीतला विद्यार्थी. अजूनही तिला "बाई"च म्हणतो. दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी येणार, चप्पल बाहेर काढणार, पहिल्या टीव्हीचे तीनशे आणि दुसऱ्याचे दीडशे घेऊन पिवळ्या कार्डावर सही करणार, हा वर्षानुवर्षांचा परिपाठ. कल्याण-डोंबिवलीत ३१ मार्च २०१३च्या मुदतीत सेटटॉप बॉक्स आले, तेव्हाही रक्कम थोडी वाढली, पण कार्ड आणि सही तशीच राहिली. त्या साडेचारशेत जे लागेल ते सगळं दिसायचं. पाच तारखेला पैसे नसले तर दहाला चालायचे. काका इस्पितळात असताना तर त्याने दोन महिने पैशांचा विषयच काढला नव्हता.

मग १ फेब्रुवारी २०१९ उजाडला.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ३ मार्च २०१७ रोजी नवा दर आदेश काढला होता. एका मोठ्या प्रसारण समूहाने त्याला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं. तिथे दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसऱ्यांनी आदेशाच्या बाजूने कौल दिला, आणि ३० ऑक्टोबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. अंमलबजावणी आधी २९ डिसेंबरपासून होणार होती. त्याच्या दोन दिवस आधी, २७ डिसेंबरला, राज्यात बऱ्याच ठिकाणी केबलचालकांनी संध्याकाळी सात ते दहा प्रक्षेपण बंद ठेवून निषेध केला. मुदत महिनाभर वाढली, एवढंच त्यातून निघालं.

आदेशामागचा विचार मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. जे बघाल त्याचेच पैसे द्या. प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत छापील असेल, ती देशभर एकच असेल, आणि ग्राहक हवी ती वाहिनी सुटी घेऊ शकेल. त्याखाली एक पाया ठरवला होता: १०० वाहिन्यांपर्यंत नेटवर्क कॅपॅसिटी फी, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचा आकार, जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. शंभरच्या वर गेलात तर पुढच्या प्रत्येक २५ वाहिन्यांना २० रुपये. एचडी वाहिनी घेतली तर ती दोन मोजायची. तुम्ही एकही सशुल्क वाहिनी घेतली नाही तरी हा पाया भरायचाच, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो प्रत्येक टीव्हीसाठी वेगळा होता.

मावशीच्या घरी पोचले तेव्हा टेबलावर पिवळं कार्ड आणि कंपनीचं छापील बिल शेजारी शेजारी ठेवलेलं होतं. कार्डावर नुसता आकडा आणि सही. बिलात चार ओळी होत्या: नेटवर्क फी १७०, सशुल्क वाहिन्या १६५, जीएसटी ६०.३०, एकूण ३९५.३०. खाली दुसऱ्या बॉक्सच्या तशाच चार ओळी. बेरीज ७९०.६०.

"हे १७० कसले?" मावशीने विचारलं. "१३० म्हणत होते ना टीव्हीवर?"

तिच्या बॉक्सवर १५० वाहिन्यांचं तयार पॅकेज चढवलेलं होतं, म्हणून १३० अधिक ४०. ते तिने मागितलं नव्हतं. ज्यांनी फेब्रुवारीत आपली निवड कळवली नाही त्यांच्यासाठी कंपन्यांनी एक जुळणारा संच लावावा, असं ट्रायने १२ फेब्रुवारीला जाहीर केलं होतं. मावशीच्या बाबतीत 'जुळणारा' म्हणजे कंपनीचा मराठी कुटुंबांसाठीचा सरसकट संच. आतल्या खोलीत झोपून असलेल्या, क्रिकेट आणि बातम्यांपलीकडे काहीही न बघणाऱ्या माणसाच्या बॉक्सवरही तोच संच. त्यात कार्टून होतं, इंग्रजी सिनेमे होते, दुसऱ्या भाषांची गाणी होती.

मी मावशीला एक काम सांगितलं. शिक्षिकाच ती, तिने ते माझ्या अपेक्षेपेक्षा नेटकं केलं. एकरेघी वही घेतली, पानावर उभ्या रेघा मारल्या: तारीख, वेळ, खोली, वाहिनी. पंधरा दिवस दोन्ही टीव्हींवर काय लागतं ते लिहून काढलं. काकांचा रकाना त्यांना विचारून भरला. पंधरा दिवसांनी हिशेब निघाला तो असा: दोन्ही खोल्यांत मिळून दहा वाहिन्या. त्यातल्या पाच फुकट, कारण मराठी बातम्यांच्या बहुतेक वाहिन्या निःशुल्क यादीतल्याच होत्या आणि सह्याद्री तर सक्तीने दाखवायचीच असते. उरल्या पाच सशुल्क. बाहेरच्या खोलीत चार: १९, १५, १० आणि ९ रुपयांच्या. आत दोन: क्रिकेटची १९ची आणि मावशी बघायची तीच १९ची मराठी मालिकांची. रात्री आठ ते दहा दोघं नवराबायको दोन खोल्यांत एकच मालिका बघत होते आणि तिचे पैसे दोनदा भरत होते.

सुटं घेतलं तर किती पडतं ते तिथेच कागदावर मांडलं. बाहेर १३० अधिक ५३, जीएसटीसह २१५.९४. आत १३० अधिक ३८, जीएसटीसह १९८.२४. एकूण ४१४.१८. म्हणजे जुन्या साडेचारशेपेक्षाही कमी! मावशीने पेन्सिलने पुन्हा बेरीज केली आणि म्हणाली, "मग हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

हा सगळा हिशेब जमायच्या आधीच, पहिल्याच भेटीत, मी तिच्याकडून एक लेखी अर्ज भरून घेतला होता. वाहिन्यांची ढोबळ यादी तिला तोंडपाठ होतीच, वहीने ती पुढे पक्की केली एवढंच. ९ मार्चला अर्ज दिला. लावून दिलेला संच बदलून मागितला तर कंपनीने ७२ तासांत बदलून द्यायचा, असं ट्रायने त्याच जाहीर निवेदनात म्हटलं होतं. म्हणजे १२ मार्चपर्यंत काम व्हायला हवं होतं.

ते २ मेला झालं.

मधल्या साडेसात आठवड्यांत काय काय ऐकायला मिळालं, त्याची नोंद मावशीच्या त्याच वहीत आहे. केबलवाला म्हणाला, "बाई, सिंगल चॅनल सिस्टीम घेत नाही, पॅकच घ्यावा लागतो." टोल फ्री नंबरवरच्या मुलीने सांगितलं की सुटं घेतलं तर महाग पडेल, संचच फायद्याचा आहे. दुसऱ्या फोनला तक्रार क्रमांक मिळाला. तिसऱ्या फोनला त्या क्रमांकाची तक्रार 'निवारण झाल्याने बंद' असं उत्तर आलं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. कंपनीचं तक्रार केंद्र आणि त्यानंतर कंपनीचाच नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला वरचा अधिकारी, हाच मार्ग आहे. १० एप्रिलला आम्ही नोडल अधिकाऱ्याला पत्र पाठवलं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. ९ मार्चच्या अर्जाची पोच, ७२ तासांचा नियम, तक्रार क्रमांक आणि महिन्याला ३७६.४२ रुपयांचा फरक, एवढंच होतं. त्यानंतर काम हललं. एका महिन्याचा फरक पुढच्या रिचार्जमध्ये वळता करून मिळाला. दुसऱ्याचा मिळाला नाही.

टोल फ्रीवरची मुलगी खोटं बोलत नव्हती, हे इथे सांगायला हवं. दहा-बारा वाहिन्या सुट्या घेणाऱ्याला संचच स्वस्त पडायचा, आणि गोम नेमकी तिथे आहे. १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी संचात घालता येणार नाही, असा नियम होता. त्यामुळे प्रत्येक समूहाने आपल्या सगळ्यात लोकप्रिय वाहिनीची किंमत बरोबर १९ ठेवली. मग त्या एका वाहिनीभोवती, कुणी वेगळी विकत घेणार नाही अशा आठ-दहा वाहिन्या बांधल्या आणि गठ्ठ्याची किंमत इतकी खाली आणली की दोन-तीन सुट्या वाहिन्यांच्या पैशांत अख्खा गठ्ठा मिळावा. संचावर १५ टक्क्यांहून जास्त सवलत देऊ नये असं कलम मूळ आदेशात होतं, ते मद्रासला न्यायालयात टिकलं नव्हतं. काही संचांवर सवलत ७० टक्क्यांपर्यंत गेल्याचं ऑगस्ट २०१९मध्ये ट्रायनेच आपल्या सल्लामसलतीच्या मसुद्यात नमूद केलं. सुटी निवड कागदावर होती. किंमत अशी लावली होती की शहाणा माणूस ती करणारच नाही. मावशीला ती परवडली, कारण तिच्या गरजा मोजून पाच वाहिन्यांच्या होत्या आणि त्या तिने मोजल्या होत्या. शाळेत जाणारी दोन मुलं आणि हिंदी मालिका बघणारी सासू ज्या घरात आहे, तिथे हा हिशेब असा उतरत नाही. अशा घरांची बिलं मी पाहिली आहेत. तिथे संच मुकाट घ्यावा लागतो.

आणखी एक आठवण सांगते. ३१ डिसेंबर २००६पासून दक्षिण मुंबईच्या काही भागात कॅस नावाची, सशुल्क वाहिन्या फक्त सेटटॉप बॉक्समधूनच दाखवणारी पद्धत आली होती. तेव्हा ट्रायने सशुल्क वाहिनीला महिना जास्तीत जास्त ५ रुपये आणि फुकट वाहिन्यांच्या मूळ संचाला ७७ रुपये अशी मर्यादा घातली होती. बारा वर्षांत त्या पाचाचे एकोणीस आणि सत्त्याहत्तरचे एकशेतीस झाले. पाच ते एकोणीस हे अंतर महागाई धरूनही मोठं आहे, आणि ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना ते जाणवतं.

आता केबलवाल्याबद्दल. इमारतीच्या जिन्यात त्या महिन्यांत त्याला लोक काय वाट्टेल ते बोलले. एकाने कॉलर धरली. तो मावशीकडे येऊन पाणी पिऊन बसायचा. एकदा मी होते, तर मीच विचारलं, "वाढलेले पैसे तुझ्याकडे येतात का रे?" त्याने मोबाइलमध्ये हिशेब दाखवला, आणि तो मी घरी जाऊन नियमांशी ताडून बघितला. कंपनी आणि स्थानिक केबलचालक यांच्यात वेगळा करार नसेल तर नेटवर्क फी ५५ आणि ४५ टक्क्यांत वाटायची. सशुल्क वाहिन्यांच्या पैशांतले ८० टक्के प्रसारकाकडे, उरलेले २० वितरणाचे, तेही पुन्हा ५५-४५. या प्रमाणात मावशीच्या ३९५.३० रुपयांचे तुकडे केले तर सरकारला ६०.३०, प्रसारकांना १३२, केबल कंपनीला १११.६५ आणि जिन्यात शिव्या खाणाऱ्या माणसाला ९१.३५.

शिवाय आता सगळं आगाऊ झालं होतं. त्याने आधी कंपनीत पैसे भरायचे, मग ग्राहकाचा बॉक्स चालू. "बाई, आधी मी दहा तारखेपर्यंत थांबायचो. आता मी थांबलो तरी मशीन थांबत नाही. रात्री बाराला पडदा काळा होतो आणि फोन मला येतो." पाच तारखेची ती ओळखीची उधारी गेली, याचा उल्लेख कुठल्याही आदेशात नाही, पण लोकांच्या चिडण्यात तिचा वाटा दरवाढीइतकाच होता असं माझं मत आहे. ज्याच्याशी बोलता येतं त्या माणसाच्या हातात काही उरलं नाही आणि ज्यांच्या हातात आहे त्यांचा चेहरा कुणी पाहिलेला नाही.

कराची गोष्ट निराळी. जुन्या काळी राज्याचा करमणूक कर होता, महापालिका हद्दीत दर जोडणीमागे महिन्याला ४५ रुपये. जुलै २०१७ला तो जीएसटीत विरला. ठरावीक रकमेच्या जागी टक्केवारी आली, म्हणजे बिल फुगलं की करही फुगणार. मावशीच्या ७९०मधले १२० रुपये नुसते कराचे होते.

जानेवारी २०२०ला ट्रायने आदेश दुरुस्त केला, आणि त्यातल्या दोन गोष्टी या घरासाठी मोलाच्या ठरल्या. १३० रुपयांत आता शंभर नव्हे तर दोनशे वाहिन्या, आणि सक्तीच्या सरकारी वाहिन्या त्यात मोजायच्या नाहीत. दुसरी गोष्ट मोठी: एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला नेटवर्क फीच्या ४० टक्क्यांहून जास्त घेता येणार नाही. १३०च्या जागी ५२. मावशीचं एकूण बिल त्यामुळे ३२२.१४वर यायला हवं होतं. ते आपोआप आलं नाही. टाळेबंदीच्या दिवसांत फोनवरून पाठपुरावा केला तेव्हा आलं. त्याच इमारतीत दोन टीव्हींची आणखी चार घरं होती. त्यांना या ५२ रुपयांचा पत्ताच नव्हता. मावशीने चौघांना अर्ज लिहून दिले.

संचातल्या वाहिनीची मर्यादा १९वरून १२वर आणण्याचा भाग मात्र प्रसारकांना मान्य नव्हता. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३० जून २०२१ला न्यायालयाने एक अट वगळता दुरुस्ती योग्य ठरवली. मग प्रकरण वर गेलं, आणि प्रसारकांनी आपल्या मुख्य वाहिन्या १२च्या वर नेऊन संचाबाहेर काढायची तयारी जाहीर केली. शेवटी २२ नोव्हेंबर २०२२ला ट्राय मागे आलं: मर्यादा पुन्हा १९, संचावरची सवलत जास्तीत जास्त ४५ टक्के. लागू व्हायची तारीख १ फेब्रुवारी २०२३.

या शेवटच्या फेरीने काकांना गाठलं. नव्या आदेशानंतर प्रसारकांनी दर वाढवले, मोठ्या केबल कंपन्यांच्या महासंघाने वाढीव दरांच्या करारांवर सह्या करायला नकार दिला, आणि शनिवारी, १८ फेब्रुवारीला, प्रसारकांनी त्या कंपन्यांना मिळणारं प्रक्षेपण तोडलं. त्या दिवशी महाशिवरात्र होती. दिल्लीला ऑस्ट्रेलियाविरुद्धची दुसरी कसोटी चालू होती, दुसरा दिवस. सकाळी साडेनऊला काकांनी रिमोट दाबला तर पडद्यावर पट्टी: ही वाहिनी आपल्याकडे उपलब्ध नाही. काकांची समजूत झाली की मावशी रिचार्ज विसरली. झटक्यानंतर त्यांना बोलायला जड जायचं, रागावले की आणखी जड. मावशीने वही आणून त्यांच्यासमोर धरली, त्या महिन्याच्या नोंदीवर बोट ठेवलं. पैसे भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, रवींद्र जडेजाने ४२ धावांत सात बळी घेतले, ऑस्ट्रेलियाचा डाव ११३वर आटोपला आणि भारताने सहा गडी राखून सामना जिंकला. काकांनी तो मावशीच्या मोबाइलवर आकड्यांत बघितला. ती मिनिटामिनिटाला बोटाने पान खाली ओढत होती आणि धावसंख्या वाचून दाखवत होती.

वाहिन्या परत यायला पाच-सहा दिवस लागले. साडेचार कोटी घरांना याचा फटका बसल्याचं केबल कंपन्यांच्या महासंघाने तेव्हा सांगितलं. त्या दिवसांच्या परताव्यासाठी मी कंपनीला विचारलं. क्रिकेटच्या त्या एका वाहिनीचे सहा दिवसांचे होतात साधारण चार रुपये. चार रुपयांसाठी कोण अर्ज करणार? पण साडेचार कोटी घरांतून एकेका वाहिनीचे चार-चार रुपये म्हटले तरी ते अठरा कोटी होतात. ग्राहकाचं नुकसान नेहमी इतकं बारीक कापलेलं असतं की प्रत्येकाला ते सोडून देणं सोयीचं वाटतं. परतावा मिळाला नाही, आणि मीही तो विषय पुढे नेला नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, हे मला माहीत असूनही नेला नाही. तेव्हा जायला हवं होतं असं आज वाटतं.

डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा, लावून बघावी, असंही मध्ये ठरलं होतं. एकदाच खर्च, मग महिन्याचं काही नाही. पण त्या उपग्रहासाठी थाळी आग्नेयेकडे तोंड करून लागते आणि मावशीची खिडकी पश्चिमेला. गच्चीवर थाळ्या लावायला सोसायटीची परवानगी नव्हती. आणि काकांच्या क्रिकेटची वाहिनी, मावशीची रात्री साडेआठची मालिका, दोन्ही त्यात मिळणार नव्हत्या. विषय तिथेच थांबला.

जुलै २०२४मध्ये ट्रायने नेटवर्क फीवरची १३० रुपयांची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता ती रक्कम कंपनी ठरवते, फक्त जाहीर करावी लागते. दुसऱ्या टीव्हीला ५२, हे ज्या मर्यादेवर उभं होतं तीच गेली. मी मावशीला फोन करून सांगितलं, बिल आलं की आधी नेटवर्क फीची ओळ बघ.

त्याच वर्षी दिवाळीनंतर काका गेले. तेराव्यानंतर मी तिच्याकडे राहिले होते. पाच तारखेला केबलवाल्याचा मुलगा आला, आता वसुली तोच करतो. त्यानेही चप्पल बाहेर काढली. मावशीने आतल्या टीव्हीचा बॉक्स, रिमोट आणि वायर रुमालात बांधून तयार ठेवली होती. "याचं रिचार्ज सोळा तारखेपर्यंत आहे," ती म्हणाली, "अकरा दिवस बाकी आहेत." मुलाने मोबाइलवर बघितलं, म्हणाला, बाहेरच्या टीव्हीत वळते करतो. तिने वही पुढे केली. त्याने लिहिलं: आतला बॉक्स परत घेतला, ११ दिवस जमा. "अक्षरीपण लिही," मावशी म्हणाली. त्याने लिहिलं, अकरा, आणि खाली सही केली.